पोराचा खेळ आणि बापाचा हप्ता

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कचेरीतून येऊन मी नुकताच चहाचा कप हातात घेतला होता, तोच आमच्या वस्तीतले एक गृहस्थ दारात आले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत ते मोल्डिंगला आहेत. "जयभीम दादा" म्हणाले आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पतसंस्थेचा कर्जाचा फॉर्म होता. रक्कम ७५,००० रुपये. जामीनदाराच्या रकान्यात माझे नाव पेन्सिलीने अगोदरच लिहिलेले होते.

लग्न, दवाखाना, घराचे पत्रे अशा कारणांसाठी मी अनेकांना जामीन राहिलो आहे. दोन वेळा पस्तावलोही आहे. म्हणून कारण विचारले.

"पोराला नवा ल्यापटाप पायजे."

"अहो, पण मागच्याच वर्षी घेतलात ना? थोरलीच्या डिप्लोमासाठी?"

"त्यो हाय की. पर त्यात ग्राफिक कार्ड न्हाई म्हणतंय. गेम अडकतीया. तीन दिस झालं, धड जेवलं न्हाई." थोडे थांबून ते म्हणाले, "बाबासाहेबांच्या वडलांनी लेकींचे दागिने गहाण टाकून पुस्तकं आणली. मग आपण येवढं बी करायचं न्हाई व्हय?"

या दाखल्यापुढे मी गप्प बसलो. सुभेदार रामजींनी मुलीचे दागिने गहाण टाकून भीमाला पुस्तके आणून दिली आणि पेन्शन आली की ते सोडवून घेतले, ही हकीकत आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. विहारात ती मीच किती वेळा सांगितली असेल! पण तीच हकीकत एक दिवस ग्राफिक कार्डासाठी माझ्यासमोर येईल असे वाटले नव्हते. खरे सांगायचे तर ग्राफिक कार्ड म्हणजे नेमके काय हेही मला ठाऊक नव्हते. बी. कॉम. झालेल्या माणसाला ताळेबंद कळतो, चिप कळत नाही. "कागद राहू द्या, रविवारी घरी येतो," एवढेच मी म्हणालो.

वाचकहो, त्या रविवारपासून पुढचे दीड-दोन महिने मी या विषयाच्या मागे होतो. वस्तीतली शिकलेली मुले, राजारामपुरीतले दुरुस्तीवाले आणि तो मुलगा स्वतः यांनी मला जे शिकवले ते इथे मांडतो आहे, कारण हा कागद आज माझ्याकडे आला, उद्या तुमच्याकडे येईल.

दीड खोलीचे घर. लॅपटॉप पलंगावरच्या गादीवर ठेवलेला. एका कंपनीने वापरून काढून टाकलेला, आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर असलेला, जुन्या बाजारातून घेतलेला माल. मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, बहीण शेवटच्या वर्षाला. मुलगा म्हणाला, "काका, ह्याला गेमिंग लॅपटॉप म्हणतच न्हाईत. कॉलेजात पोरं ह्याला ऑफिसचा डबा म्हणतात." बहीण काहीच बोलली नाही. निघताना जिन्यात हळूच म्हणाली, "काका, मला तो रात्री अकरानंतर मिळतो. दोन वाजेपर्यंत प्रोजेक्ट करते. सकाळी साडेसातचं कॉलेज."

म्हणजे प्रश्न एकट्या ग्राफिक कार्डाचा नव्हता.

आधी यंत्राचे पाहू. लॅपटॉपच्या पडद्यावर बारीक ठिपके असतात. १९२० बाय १०८० चा पडदा असेल तर २०,७३,६०० ठिपके. खेळ सुरू असताना हे सगळे ठिपके सेकंदाला तीस ते साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, पण ती चित्रे आधीच काढलेली असतात. खेळात तुम्ही बटण दाबाल तसे चित्र त्या क्षणी तयार होते. हे रंगकाम करणाऱ्या भागाला जीपीयू म्हणतात. महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये तो वेगळा बसवलेला असतो आणि त्याला स्वतःची वेगवान मेमरी असते. साध्या लॅपटॉपमध्ये तो मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये असतो. त्याला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. मराठीत सांगायचे तर एकत्र कुटुंबातले ग्राफिक्स. त्याला स्वतःची मेमरी नाही, घरच्या रॅममधूनच मागून घ्यावी लागते. इंटेलने २०११ सालच्या प्रोसेसरपासून हा भाग त्याच चिपवर आणला. एएमडी कंपनीने २००६ साली एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी विकत घेतली आणि २०११ पासून तसेच प्रोसेसर बाजारात आणले.

मी मुलाच्या वडिलांना वस्तीतल्या नळाचे उदाहरण दिले. सगळ्या आळीला एकच नळ. प्रोसेसरही त्याच नळावर, ग्राफिक्सही त्याच नळावर. टाकीत पाणी भरपूर असले तरी तोटी एकच, म्हणून रांग लागते. पोराचा खेळ अडकतो तो बहुतेक वेळा याच रांगेत. ते लगेच म्हणाले, "मग दुसरी तोटी बसवा की!"

अगदी हेच उत्तर आहे. त्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम होती, पण एकाच पट्टीत. शेजारचा खाचा रिकामा. दोन सारख्या पट्ट्या बसवल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकाच वेळी माहिती ओढतो. डीडीआर-४ जातीची २४०० वेगाची एक पट्टी सेकंदाला १९.२ जीबी माहिती देऊ शकते, दोन पट्ट्या ३८.४ जीबी. कागदावर दुप्पट. खेळाचा वेग प्रत्यक्षात दुप्पट होत नाही, पण फरक डोळ्याला दिसतो. लॅपटॉप न उघडताही हे तपासता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी असे गेल्यावर किती खाचे भरलेत ते लिहिलेले असते. 'दोनपैकी एक' असे दिसले तर जागा आहे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर पक्की डाखलेली असते, तिथे हा इलाज चालत नाही. म्हणून जुना लॅपटॉप घेतानाच दुकानदाराला विचारावे.

आम्ही वापरलेली दुसरी पट्टी घेतली. दोन हजारांच्या आत काम झाले. अलीकडे मेमरीचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा दोन-तीन दुकाने फिरूनच घ्यावी.

दुसरा दोष गादीचा निघाला. लॅपटॉपच्या तळाशी हवा आत घेण्याची जाळी असते. गादीवर ती बुजते. आत उष्णता वाढली की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतो. पत्र्याखालचे घर, त्यात पंख्यात धूळ. दुरुस्तीवाल्याने पंखा साफ केला आणि आईने जेवणाचा लाकडी पाट काढून दिला. आता लॅपटॉप पाटावर बसतो. घरात मानाची जागा त्याचीच झाली, असे आजी म्हणतात. तिसरी गोष्ट, खेळताना चार्जर लावलेला असावा, कारण नुसत्या बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग आवरता घेतात.

आणि चौथी गोष्ट फुकटची. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणायचा. ठिपके होतात ९,२१,६००, म्हणजे निम्म्यापेक्षाही कमी. सावल्या बंद, गवत-पाने कमी. चित्र थोडे मऊ दिसते, पण अडकत नाही. ज्या जीटीए-५ साठी हे सगळे रामायण झाले तो खेळ संगणकावर २०१५ साली आला. तो आता सेकंदाला तिसाच्या आसपास चित्रांवर चालू लागला. मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, चालतंय की वो."

सगळेच चालते असे मी म्हणणार नाही. सायबरपंक २०७७ सारखा २०२० चा खेळ अशा यंत्रावर सुखाने चालणार नाही, तो नाद सोडावा. पण एज ऑफ एम्पायर्स-२ (१९९९), काउंटर स्ट्राइक १.६, जीटीए सॅन अँड्रियास, क्रिकेट ०७, माइनक्राफ्ट, शेती करण्याचा स्टारड्यू व्हॅली हे खेळ आरामात चालतात. व्हॅलोरंट हा आजच्या पोरांचा आवडता खेळ २०२० साली काढताना कंपनीने किमान गरज म्हणून इंटेलचे एचडी ४००० हे जुने एकत्र कुटुंबातलेच ग्राफिक्स सांगितले होते. ज्या घरी साधा लॅपटॉप आहे ते गिऱ्हाईकही कंपनीला हवे असते.

'ऑफिसचा डबा' म्हणून हिणवणाऱ्या पोरांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसावी. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्येही प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आहेत आणि मेमरी सामाईकच आहे. तिथली तोटी फार मोठी आहे, एवढाच फरक. ही माहिती त्या मुलाने कॉलेजात कशी वापरली मला माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात त्याची मान थोडी वर होती.

हिणवण्याचा हा भाग मी हलका मानत नाही. १९९० नंतरच्या काळात मी शाळकरी असताना आमच्या भागात एकाने टीव्हीला लावायचा खेळ आणला होता. तासावर पैसे. मारिओ आणि बंदुकीवाला काँट्रा. वस्तीतल्या पोरांना तो सगळ्यात शेवटी बसवायचा आणि कंट्रोलर हातात देण्यापूर्वी हात धुऊन यायला सांगायचा. इतरांना सांगत नव्हता. मी एकदा हात धुऊन आलो, दुसऱ्यांदा गेलोच नाही. म्हणून पोरगे खेळण्यासाठी जेवण टाकते तेव्हा 'लाडावलंय' एवढे म्हणून मला पुढे जाता येत नाही. गरिबाच्या पोराने फक्त अभ्यासच करावा, खेळ श्रीमंताच्या पोराने खेळावा, हा नियम कुणी केला? शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले ते कोल्हापूर हे. इथे फुटबॉलसाठी पेठाच्या पेठा रस्त्यावर येतात. खेळ वाईट असे कोल्हापूरच्या माणसाने तरी म्हणू नये.

काही उपासक मला म्हणाले की, बुद्धाने खेळ वर्ज्य सांगितले आहेत. त्यांचा रोख दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तावर असतो. त्यात खेळांची भली मोठी यादी आहे. आठ घरांचा पट, फासे, चेंडू, आपल्या विटीदांडूसारखा खेळ, इतकेच काय, दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचा खेळही आहे. पण तो शब्द लोकांनी श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन अशा खेळांत वेळ घालवणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांना उद्देशून आहे. गृहस्थासाठी सिगालोवाद सुत्त पाहावे. तिथे धन नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत. त्यात नशा, अवेळी भटकणे, तमाशांचा नाद, वाईट संगत आणि आळस यांच्याबरोबर जुगार आहे. खेळ आणि जुगार यांतला हा फरक आपण घरात नीट सांगितला पाहिजे.

कारण आपल्या वस्त्यांचे खरे नुकसान लॅपटॉपवरच्या गाडीच्या शर्यतीने झालेले नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या रमीने आणि संघ निवडण्याच्या पैजांनी झाले आहे. पगाराच्या दिवशीच पगार गेलेली माणसे मी पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांबाबत कायदा करून पैसे लावायच्या खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे साधे खेळ त्यातून वगळलेले आहेत. तरीही चोरवाटा असतातच. घरातल्या पोराचा खेळ पैसे मागतो का, एवढे बापाने विचारावे. ग्राफिक्स एकत्र की वेगळे, हे नंतर.

आता हप्त्याकडे येतो. हा माझा प्रांत आहे. ७५,००० रुपये दोन वर्षांसाठी घेतले आणि महिन्याचा हप्ता ३,७५० बसला, तर २४ हप्त्यांचे ९०,००० होतात. पंधरा हजार व्याज. दुकानात 'झिरो टक्के' म्हणतात त्याला भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. व्याज किमतीत तरी लपलेले असते, नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्याला, एक भाग अडचणीसाठी राखून. मी त्या गृहस्थांच्या पुढ्यात कागदावर हिशेब मांडला. हातात येतात अठरा हजार. त्याचा चौथा भाग साडेचार हजार. अडचणीसाठी राखायच्या या साडेचार हजारांतून ३,७५० हप्ता गेला तर उरतात ७५०. खरे तर आपल्या घरांत हे चार भाग कधी पडतच नाहीत. उपभोग म्हणजे तांदूळ, तेल, भाडे, आणि त्यातच तीन भाग संपतात. पण चौथ्या भागाला हात लावायचा तो कशासाठी, हे तरी ठरवता येते. थोरलीची शेवटच्या वर्षाची फी अजून भरायची होती. ते बराच वेळ ७५० या आकड्याकडे बघत बसले.

रामजींच्या दाखल्याचे उत्तरही मला त्याच दिवशी सुचले. दागिने कुणाचे होते? बहिणींचे. या घरातही बहीणच काहीतरी गहाण टाकत होती. दागिने नव्हते, तिची झोप होती. हे मी मुलासमोर बोललो. मुलीसमोर बोलायला नको होते असे नंतर वाटले, कारण ती उठून आत गेली. पण रात्री भावाने वहीच्या कागदावर वेळापत्रक लिहिले. संध्याकाळी सहा ते साडेनऊ ताई, जेवणानंतर साडेनऊ ते अकरा तो. परीक्षा असेल त्याचा आधी हक्क. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दोन वेळा मोडला गेला, असे आई सांगते. दोन महिन्यांत दोन वेळा, म्हणजे सरकारी वेळापत्रकापेक्षा बरे.

एक गोष्ट अगोदरच झाली होती, तीही सांगतो. मित्राच्या पेन ड्राइव्हवरून चोरीचा खेळ टाकताना त्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आला होता आणि बहिणीचे प्रोजेक्टचे काही काम गेले होते. तिने ते पुन्हा केले आणि घरात सांगितले नाही. फुकट आणि रीतसर मिळणारे खेळ भरपूर आहेत, मग ही आफत कशाला? ज्या लॅपटॉपवर अभ्यास आहे त्यावर 'क्रॅक' केलेला खेळ टाकू नये. या बाबतीत मी कडक आहे.

मुलगा आता वेगळ्याच नादाला लागला आहे. खेळ का अडकतो हे शोधता शोधता खेळ बनतो कसा, हे त्याला बघावेसे वाटले. गोडो नावाची खेळ बनवण्याची प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रांसाठी तिच्यात वेगळी सोयही आहे. चित्रांसाठी ब्लेंडर, तेही फुकट. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्स या जागतिक सोहळ्यात पहिल्या पदार्पणाच्या खेळांमध्ये त्याला नामांकन मिळाले. त्यातली नायिका राजकन्या नाही. भटकंती करत कसरतीचे खेळ करणाऱ्यांची पोर आहे, धाकट्या भावाला शोधायला निघालेली. आपल्याकडचे डोंबारी डोळ्यांपुढे येतात. अर्थात त्यात देवदेवता आणि राक्षस भरपूर आहेत, ते आपण आपल्या नजरेने पाहावे. पण दोरीवर चालणारी पोर जगाच्या पडद्यावर नायिका होते, हे पुण्यातल्या लोकांनी केले. उद्या माणगाव परिषदेचा किंवा चवदार तळ्याचा खेळ आपल्यातल्या कुणी का करू नये? मुलाला मी हे म्हटले तर तो म्हणाला, "काका, तळ्याचं पाणी दाखवायला लई ग्राफिक्स लागतं. आधी विहार करतो." सध्या त्याच्या पडद्यावर चार भिंती आणि एक पायरी तयार आहे.

फॉर्मचे काय झाले, असे काहींनी विचारले. तो माझ्या कचेरीच्या खणात आहे. सही केलेली नाही. मुलगी पास होऊन तिला नोकरीसाठी नवे यंत्र लागले तर त्याच फॉर्मवर करीन, असे तिच्या वडिलांना सांगितले आहे. पेन्सिलीने लिहिलेले नाव मी अजून खोडलेले नाही.

ज्यांना जुना लॅपटॉप घ्यायचा आहे किंवा असलेला दाखवायचा आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. हा मुलगा आणि त्याची बहीण दोघेही असतात, रॅमचे खाचे आणि पंखा तपासून देतात, पैसे घेत नाहीत. येताना चार्जर मात्र आणावा. मागच्या वेळी तिघे विसरले होते.